शमूला काय विचारायचं?

महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी आमच्या घरात पावाचा आणि उकळणाऱ्या काळ्या मनुकांचा वास भरून राहायचा. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असे, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी पाव आणि रस घ्यायचा, आणि त्याचा पाव कापायचा, मनुकांचा रस काढायचा, हे काम आईकडे होतं, कारण बाबा मंडळीचे वडील होते. मंडळीचा, म्हणजे चर्चला येणाऱ्या सगळ्यांचा, कारभार ज्यांच्यावर सोपवतात त्यांना आमच्यात ‘वडील’ म्हणतात, म्हणजे बाबा घरातही वडील आणि बाहेरही वडील, आम्हाला सुटका कुठेच नाही. आई पाटावर पांढरं फडकं अंथरायची, पावाच्या तपकिरी कडा काढून टाकायची आणि आतल्या पांढऱ्या भागाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायची. त्या वेळी कुणी मोठ्यानं बोललेलं तिला खपायचं नाही. समोर मांडी घालून माझा मोठा भाऊ शमू बसलेला असायचा. कडा त्याच्या. त्या तो चहात बुडवून खायचा, पण नजर मात्र फडक्यावरच्या पांढऱ्या तुकड्यांवर. त्यांना त्यानं कधी हात लावला नाही. मनुकांचा वास अंगणात गेला की घरमालकीण हिराबाय बाहेरून हाक मारायची, “काय गो, उंद्या तुमच्या देवाचा जेवान हाय वाटतं!” आणि आई आतून म्हणायची, “हाय ना, या की तुम्ही पण.” हिराबाय हसायची. ती येणार नाही हे दोघींना माहीत असायचं.

आम्ही मूळचे नगरकडचे. बाबांना ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही कोपरखैरण्यातल्या बोनकोडे गावात हिराबायच्या दोन खोल्यांत राहायला आलो. तिची भातशेती नव्या शहरासाठी गेली होती. आलेल्या पैशातून तिनं चाळ बांधली होती आणि रोज सकाळी ती ओट्यावर बसून आपली शेतं कुठे होती ते हात लांब करून आम्हाला दाखवायची. तिथे आता खड्डे, सळया आणि सिमेंटचे खांब दिसत. दिवसभर यंत्रांची धडधड, मध्येच कारखान्याचा भोंगा, वारा फिरला की खाडीच्या चिखलाचा वास आणि नाही फिरला तर कारखान्याचा. आज मी त्याच कोपरखैरण्यात सातव्या मजल्यावर राहते आणि खिडकी उघडली तर समोरच्यांचा टीव्ही दिसतो. तक्रार नाही, पण आमच्या सोसायटीतल्या नव्या लोकांना वाटतं की इथे आधी काहीच नव्हतं. म्हटलं, अरे बाबांनो, हिराबाय होती!

शमूबद्दल सांगायला हवं. जन्मला तेव्हा निळा पडला होता म्हणे, बराच वेळ रडलाच नाही. पुढे वाढला आडदांड, उंचीला बाबांच्याही वर गेला, पण बोलणं आलं नाही. थोडके शब्द होते त्याच्याकडे. ‘आई’ होता, ‘चल’ होता, आणि ‘आमेन’ होता. तो ‘आमेन’ त्यानं चर्चमध्ये ऐकून उचलला होता आणि मनाला येईल तिथे म्हणायचा. पाळकसाहेब उपदेशात सैतानाचं नाव घेत आणि शमू खणखणीत ‘आमेन!’ म्हणे, की पोरांची हसून पुरेवाट. त्या काळी लोक त्याला तोंडावर ‘मतिमंद’ म्हणायचे. आई त्यावर काही बोलायची नाही, फक्त त्या घरी पुन्हा जायची नाही.

मंडळीची स्वतःची इमारत तेव्हा नव्हती. वाशीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये बाकं लावून उपासना व्हायची. प्रभुभोजनाच्या वेळी बाबा पांढरा सदरा घालून पावाचं ताट घेऊन बाकाबाकावरून फिरत. आमच्या मंडळीचा नियम असा की तान्हेपणी बाप्तिस्मा झाला तरी पाव लगेच मिळत नाही. मोठं झाल्यावर वर्गाला बसायचं, विश्वासाचा कबुलीजबाब आणि दहा आज्ञा पाठ करायच्या, सगळ्यांसमोर उभं राहून पाळकांच्या प्रश्नांना ‘होय’ म्हणायचं. त्याला दृढीकरण म्हणतात. ते झालं की पाव. शमूचं ते होणं शक्यच नव्हतं. त्यामुळे दर महिन्याला एकच देखावा. ताट आमच्या बाकापाशी यायचं, शमूचा हात पुढे व्हायचा, आणि बाबा मान खाली घालून ताट त्याच्यापुढून तसंच पुढे न्यायचे. शमू रडायचा नाही की ओढाओढ करायचा नाही. नुसता हात पुढे धरून बसायचा. पुढचं गीत संपेपर्यंत तो हात तसाच. आई शेवटी तो हलकेच खाली घ्यायची. मला तर ते बघवायचं नाही, मी गीताच्या पुस्तकात डोकं खुपसायची.

या सगळ्यात माझा एलियामामा आला. आईचा धाकटा भाऊ. न्हावा शेव्याला बंदराचं काम जोरात चाललं होतं, तिथे दगडांचा ट्रक चालवायचा. उंच आवाज, मोठं हसू, आणि वादात हरणं म्हणजे त्याला मरण. तो कुणाच्या तरी संगतीनं बिलिव्हर लोकांच्या सभेला जायला लागला. पत्र्याच्या शेडमध्ये भरायची ती सभा. तिथे तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा मानत नसत. माणसानं स्वतः विश्वास ठेवावा, स्वतःच्या तोंडानं सर्वांसमोर साक्ष द्यावी, मग त्याला पाण्यात पूर्ण बुडवायचं, तोच खरा बाप्तिस्मा. आणि तो झाला की त्याच दिवशी भाकर आणि प्याला. मामाच्या डोक्यात हे असं काही शिरलं की दर रविवारी आमच्याकडे मटणावर हात मारता मारता तो बाबांना धरून बसायचा.

“दाजी, मला एक सांगा. पाळण्यातल्या पोराला काय कळतं? त्यानं पश्चात्ताप कशाचा करायचा? दुधाचा?”

बाबा शांतपणे भाकरी मोडत. “तुला गोधडीत गुंडाळलं तेव्हा विचारलं होतं का कुणी, एलिया, थंडी वाजते का म्हणून?”

“गोधडी वेगळी, तारण वेगळं!”

“शास्त्रात तुरुंगाच्या नायकाची, त्या जेलरची गोष्ट आहे ना? विश्वास त्यानं ठेवला, पण बाप्तिस्मा सगळ्या घराचा झाला.”

“त्या घरात तान्हं पोर होतं असं कुठं लिहिलंय?”

“नव्हतं असं तरी कुठे लिहिलंय?”

“मटण गार होतंय असं मी सांगतेय,” आई म्हणायची, “ते लिहून देऊ का?”

अंगणातून हिराबाय ऐकत असायचीच. ती एकदा दारात येऊन म्हणाली, “आमचा पोर जल्मला का पाचवीला पुजतो, बाराव्याला नाव ठेवतो. त्याला कोन इचारतं? तुमचा तर देव पन येकच, मंग पान्यावरनं भांडान कशाला?” मामा तिला समजावायला गेला, पण ती तोवर आपल्या सुनेवर ओरडायला निघून गेली होती.

मी त्या वर्षी कॉलेजात होते आणि दृढीकरणाच्या वर्गाला बसत होते. खरं सांगते, दोघांचंही बोलणं मला पटायचं. मला कुणी न विचारता, मी ओळखायच्या आधी, मी कुणाची तरी झाले होते, या बाबांच्या म्हणण्यात मला ऊब वाटायची. आणि मामाच्या ‘स्वतः’ या शब्दात एक दरारा होता. आपण एकटं उभं राहायचं, आणि ज्यानं समुद्र केला त्याला तोंड उघडून उत्तर द्यायचं. मला रात्री झोप लागायची नाही. हल्लीची मुलं म्हणतील, एवढं काय टेन्शन घ्यायचं! माझ्याच मुलानं आता आपल्या लेकीचा बाप्तिस्मा थांबवला आहे. ती मोठी होऊन ठरवील म्हणतो. सूनबाईच्या माहेरच्यांचा जीव खालीवर होतोय आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच तुरुंगाचे नायक पुन्हा उठून बसले आहेत. त्यांच्यासाठीच मी हे लिहायला घेतलं.

तर एका रविवारी मामा हाडूक चोखता चोखता थांबला आणि म्हणाला, “ताई, शमूला आमच्याकडं आण. आमच्यात दृढीकरण-बिढीकरण नाही. पाण्यात उतरला की संपलं. त्याच दिवशी भाकर त्याच्या हातात.”

आईचा हात भातावरच थांबला. “शमूच्या?”

“का नाही?”

बाबा ताडकन उठले. “त्याचा बाप्तिस्मा झालाय, एलिया. भरल्या मंडळीत झालाय. पाळकांनी याच्या डोक्यावर पाणी घातलं आणि सगळी मंडळी उभी राहून म्हणाली, हे लेकरू आम्ही सांभाळू, आम्ही विश्वासात वाढवू. मी त्याला हातात धरून उभा होतो. ते सगळं खोटं ठरवायला निघालास तू?” एरवी बाबांचा आवाज चढायचा नाही. त्या दिवशी अंगणातली कोंबडी पळाली.

आई मात्र आठवडाभर वेगळीच दिसत होती. भाजी चिरताना गुणगुणायची. शमूसाठी तिनं पांढरा लेंगाही शिवायला टाकला, बाबांना न सांगता. तिला पाण्याशी देणंघेणं नव्हतं, शिंपडा की बुडवा. तिला शमूच्या हातात तो तुकडा बघायचा होता, बस. पुढच्या रविवारी मामा आला तो तोंड पाडूनच. त्यांचे जे प्रमुख होते, सगळे त्यांना ब्रदर म्हणायचे, ते कारखान्यात फिटर होते, भला माणूस, पण नियमाला पक्के. त्यांनी नाही म्हटलं होतं. “ब्रदर म्हणाले, त्यानं स्वतः साक्ष दिली पाहिजे. स्वतःच्या तोंडानं. त्याशिवाय पाण्यात उतरवणं म्हणजे, ताई, म्हणजे तान्ह्या पोराचा बाप्तिस्मा केल्यासारखंच झालं म्हणे.”

आईनं पदर खोचून दोघांकडे पाहिलं, भावाकडे आणि नवऱ्याकडे. “तुमच्यात साक्ष बोलावी लागते. यांच्यात पाठ म्हणून दाखवावं लागतं. माझ्या लेकराला दोन्ही येत नाही. मग त्याला ज्यानं जन्माला घातलं त्यानं काय विचार करून घातलं? वाद घाला तुम्ही, खुशाल घाला. पण माझ्या घरात जेवताना नाही!” आणि ती मोरीत जाऊन भांडी घासायला लागली. घासत होती की आपटत होती कोण जाणे. मामानं त्या दिवशी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

मामाचा स्वतःचा बाप्तिस्मा मात्र ठरला होता. तो एका दुपारी, बांधकामावरच्या हौदात. सिमेंटला मारायचं पाणी साठवायला बिल्डरनं विटांचा मोठा हौद बांधला होता. रविवारी काम बंद, राखणदार यांच्याच सभेतला, त्यामुळे जागा मिळायची. बाबा यायला तयार नव्हते. एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा करायचा म्हणजे गेलेल्या सासऱ्यांचा अपमान, असं त्यांचं म्हणणं. आई एवढंच म्हणाली, “भाऊ आहे माझा.” मग ते आले, पण हाताची घडी घालून, जरा लांब, सळयांच्या ढिगापाशी उभे राहिले. मी, आई आणि शमू हौदाच्या कडेला.

पाणी हिरवट होतं. वर लाकडाचा भुसा तरंगत होता. आजूबाजूला बांबूच्या परांच्या, अर्धे उभे राहिलेले मजले, भिंत नसलेल्या खोल्या, आणि मध्ये ही वीसेक माणसं, त्यातली निम्मी ट्रकवरची आणि कारखान्यातली, खंजिरीवर गीत म्हणत होती. ब्रदर कमरेएवढ्या पाण्यात उभे. एकेक जण उतरत होता, आपली साक्ष देत होता, ब्रदर दोन प्रश्न विचारत, तो ‘होय’ म्हणे, आणि पाण्याखाली जाऊन वर येई. वर येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा मी बघत होते. एक बाई वर आली ती एखाद्या लहान मुलीसारखी हसत. मला हे इतकं अनोळखी आणि इतकं सुंदर वाटेल असं वाटलं नव्हतं.

मग मामा उतरला. त्याची साक्ष आम्हाला पाठ होती, कारण आमच्याच खोलीत येरझारा घालत त्यानं ती घटवली होती. हातवारेसुद्धा ठरलेले. तो पाण्यात उभा राहिला, वळला, तोंड उघडलं. आणि काही नाही. लोक थांबले. त्यानं पुन्हा तोंड उघडलं. ओठ हलले, हनुवटी थरथरली, पण आवाज येईना. ज्या माणसाला आम्ही कधी गप्प बसलेला पाहिला नव्हता, तो पाण्यात उभा राहून लटलट कापत होता. ब्रदर हळू आवाजात म्हणाले, “बोला भाऊ. घाई नाही.” मामा नुसता बघत राहिला, पण ब्रदरकडे नाही, आमच्याकडे नाही, कुठे बघत होता देव जाणे. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. ब्रदरनी विचारलं, “एलिया, प्रभू येशूवर तुझा विश्वास आहे का?” मामाचे ओठ हलले, शब्द नाही.

शमू माझ्या शेजारून कधी सरकला मला कळलं नाही. तो हौदाच्या कट्ट्यावर गुडघे टेकून बसला, वाकला, आणि मामाचा ओला दंड त्यानं पकडला.

“आमेन,” शमू म्हणाला.

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. ब्रदरनी शमूकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे त्याला बाजूला घ्यायला सांगणार. आईनं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. मग ब्रदरनी दुसरा प्रश्न विचारला, पण आता कुणाला विचारत होते ते मला सांगता येणार नाही. “मरेपर्यंत त्याच्या मागे चालशील का?”

“आमेन!” या वेळी मोठ्यानं. वरच्या रिकाम्या मजल्यांवरून आवाज फिरून आला.

ब्रदर मामाला म्हणाले, “भाऊ, हा तुमच्यासाठी बोलतोय. मान्य आहे?” मामानं मान हलवली, एकदा नाही, हलवतच राहिला. आणि ब्रदरनी एक हात त्याच्या पाठीवर, एक छातीवर ठेवून त्याला पाण्याखाली नेलं. शमूनं दंड सोडलाच नव्हता, त्यामुळे त्याचाही हात खांद्यापर्यंत पाण्यात गेला. पाणी दोघांवर मिटलं आणि पुन्हा उघडलं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आजही येतो, लिहिताना आत्ताच आला. मी आयुष्यात पुष्कळ उपासना पाहिल्या, मोठाली चर्चेस पाहिली, ऑर्गन ऐकले. पण देव जवळ आहे आणि मला भीती वाटते आहे, आणि ती भीती जाऊ नये असंही वाटतं आहे, असं मला त्या हौदापाशी वाटलं तेवढं कुठेच वाटलं नाही.

मामा बाहेर आला तो टॉवेल अंगावर घेऊन नुसता बसून राहिला. मी चहा नेऊन दिला तेव्हा म्हणाला, “रुथे, सगळं पाठ होतं गं. तोंड उघडलं आणि वाटलं, यातलं काहीच माझं नाही. केवढा मोठा आहे तो! त्याच्यापुढं मी काय माझी साक्ष देणार?”

परत येताना बाबा सगळ्यांच्या पुढे चालत होते. नाल्यावरच्या पुलापाशी ते थांबले. शमूची बाही अजून ओली होती, ती त्यांनी हातानं पिळली. “एलियाचा बाप्तिस्मा आज याच्या विश्वासावर झाला,” ते म्हणाले. “त्यांनी मान्य केलं. ज्यांना हे मान्यच नाही, त्यांनी मान्य केलं. आणि आपण? एकाचा विश्वास दुसऱ्याला उचलून नेतो, हे बापजाद्यांपासून सांगणारे आपण. आपण याला दर महिन्याला काय दाखवतो? रिकामा हात?” बोलता बोलता त्यांनी हाताच्या पाठीनं डोळे पुसले. बाबांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि मला धीर आला.

त्याच आठवड्यात ते मला घेऊन पाळकसाहेबांच्या घरी गेले. पाळकसाहेब सौम्य माणूस, कुणाला दुखवायचं नाही हा स्वभाव, त्यामुळे नेहमी दमलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “वडील, नियम मी केलेला नाही,” ते म्हणाले. “कबुलीजबाब दिल्याशिवाय प्रभुभोजन नाही. आज शमू, उद्या आणखी कुणी. मी लोकांना काय सांगू?”

“नियम मोडा म्हणत नाही मी,” बाबा म्हणाले. “वचन पाळा म्हणतोय. मंडळीनं उभं राहून दिलंय.”

“पण मी त्याला विचारू काय?”

“काही विचारू नका. पाणी घातलं तेव्हा तरी कुठे विचारलं होतं?”

कपातल्या चहावर साय धरली. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. शेवटी म्हणाले, “वर्गाबरोबर त्यालाही उभं करा. माझ्याकडून होईल ते करतो.” जिना उतरताना बाबा दोन-दोन पायऱ्या उतरत होते, मला धावावं लागलं.

दृढीकरणाच्या रविवारी आई पहाटेच उठली. शमूला तिनं चोळून अंघोळ घातली, तो शिवून आणलेला लेंगा घातला, केसांना तेल लावून भांग पाडला. हिराबाय हिरवं लुगडं नेसून, गळ्यात सगळं सोनं घालून दारात हजर. “पोरीचा आन् पोराचा काय हाय तो मान, तो बगायला मी येनार. मना कोन आडवतं बगू!” मामाही आला. त्याच्या सभेतल्या काहींनी त्याला सांगितलं होतं की शिंपडणाऱ्यांच्या मेजावर, म्हणजे त्यांच्या प्रभुभोजनाला, जाऊ नकोस, म्हणून तो अगदी मागच्या बाकावर दारापाशी बसला, आपण नुसते उभ्या उभ्या आलो आहोत असं दाखवत.

आम्ही रांगेत उभे राहिलो. प्रश्न आले, उत्तरं दिली. माझी पाळी आली तेव्हा मी ‘होय’ म्हटलं आणि ते मनापासून म्हटलं, पण माझ्या ‘होय’च्या मागे किती जणांचं ‘होय’ आहे ते आता मला ठाऊक होतं. मग शमू. पाळकसाहेबांनी दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले. त्याला काहीच विचारलं नाही. मंडळीकडे बघून म्हणाले, “हा तान्हा असताना याच्यासाठी कुणीतरी उभं राहिलं होतं. आज कोण राहतं?” बाकं करकरली. पुष्कळ जण उठले. काही बसून राहिले. एक गृहस्थ टोपी उचलून सरळ बाहेर निघून गेले. शमू छताच्या पंख्याकडे बघत होता.

प्रभुभोजन सुरू झालं. बाबा ताट घेऊन आले ते पहिल्यांदा शमूपाशी. शमूचा हात पुढे झाला, नेहमीसारखा. बाबांनी ताट खाली केलं, त्याला तुकडा उचलता यावा म्हणून. पण शमूनं तुकडा उचलला नाही. त्यानं ताटाची कड धरली. दोन्ही हातांनी. बाबांना आधी कळलं नाही, त्यांनी ताट घट्ट धरून ठेवलं, आणि बाप-लेक एकमेकांकडे बघत तसेच उभे राहिले. मग बाबांचे हात सुटले.

एवढी वर्षं तो हात पुढे करत होता आणि एवढी वर्षं आम्हाला वाटत होतं की त्याला पाव हवा आहे!

शमू ताट घेऊन निघाला. बाबा चालायचे तसा, मान जराशी खाली, प्रत्येकापाशी थांबत. ज्यांचं दृढीकरण झालं होतं त्यांच्यापाशी थांबला. ज्यांचं नव्हतं त्या चिल्ल्यापिल्ल्यांपाशीही थांबला, आणि त्यांनी आईबापांकडे बघत भीत भीत तुकडे उचलले. जे त्याच्यासाठी उठले नव्हते त्यांच्यापुढे त्यानं ताट धरलं तेव्हा त्यांनीही गडबडून तुकडा घेतला. हिराबायपाशी तो थांबला. तिनं लुगड्याचा पदर डोक्यावर घेतला, ओंजळ पुढे केली, तुकडा कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. पाळकसाहेबांचा हात तिथे अर्धा वर गेला होता, तो तसाच खाली आला. मागच्या बाकावर मामा उठून उभा राहिला. तो घेईल की नाही असं मला वाटत होतं. त्यानं घेतला. शमूनं कुणालाही काही विचारलं नाही.

पुढे यावर खूप काही झालं. वरून चौकशी आली, पाळकसाहेबांची बदली झाली, बाबांचं मंडळीतलं वडीलपण गेलं ते गेलंच, आणि मामालाही त्याच्या सभेत जाब द्यावा लागला. दोन्हीकडच्या लोकांनी आम्हाला चुकीचं ठरवलं, आणि दोन्हीकडे शास्त्राचा आधार होता. शमूला जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण त्या सकाळी यातलं काहीच घडलेलं नव्हतं. शमू सगळी बाकं फिरून पुढे परत आला आणि रिकामं ताट छातीशी धरून उभा राहिला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की त्यानं स्वतः काही खाल्लेलंच नाही. बाबांनी रिकाम्या ताटाकडे पाहिलं, मग पाळकसाहेबांकडे.

आई उठली. तिचा तुकडा तिच्या तळहातावर तसाच होता, तिला तो गिळवलाच नव्हता. ती शमूपाशी गेली, तुकडा मधोमध मोडला आणि अर्धा त्याच्या तोंडात घातला. शमू चावत राहिला, सावकाश, आणि सगळी मंडळी त्याचं चावून व्हायची वाट बघत थांबली.